सुईचा बागुलबुवा

दोन वर्षांपर्यंतचं बाळ टोचताना रडतं आणि घरी येईपर्यंत विसरूनही जातं. मग सरकारी वेळापत्रकात तीनेक वर्षं सुईचं नाव नसतं. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या त्रिगुणी लसीचा दुसरा बूस्टर येतो, तेव्हा मूल बोलायला, आठवायला आणि मनात चित्रं रंगवायला शिकलेलं असतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून ‘मी आत येणार नाही’ म्हणणारं मूल बहुधा याच वयाचं असतं.

सुईला घाबरणं हा हट्टीपणा नाही आणि भित्रेपणाही नाही. टोचणारी वस्तू टाळावी हे शरीराचं शहाणपणच आहे. पण ही भीती किती वाढणार आणि किती काळ टिकणार, हे बरंचसं भोवतीच्या मोठ्या माणसांच्या हातात असतं. टोचण्याच्या आधी, टोचताना आणि नंतर आपण काय बोलतो आणि मुलाला कसं धरतो, यावर पुढच्या वेळचा दवाखाना ठरतो.

किती टोचण्या, कोणत्या वयात

भारतात 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम चालू आहे. त्याच्या सध्याच्या वेळापत्रकात जन्मल्यावर लगेच बीसीजी आणि हिपॅटायटिस-बी असते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट. त्यातल्या सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सोबत पोलिओची टोचायची लस आणि न्यूमोकॉकल लसही असते. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला आणि पोलिओ व न्यूमोकॉकल लशींचे पुढचे डोस. 16 ते 24 महिन्यांमध्ये गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर.

बेरीज केली तर दोन वर्षांच्या आत 14 टोचण्या होतात. जपानी मेंदूज्वराचा धोका असलेल्या जिल्ह्यांत आणखी दोन. त्यापुढे मात्र तीनच उरतात: पाच-सहा वर्षांची त्रिगुणी, मग 10 आणि 16 व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे टायफॉइड, कांजिण्या, फ्लू अशा लशींची त्यात भर पडते.

मोठ्या मुलाला हा हिशोब जरूर सांगावा. ‘तू बाळ होतास तेव्हा चौदा वेळा टोचून घेतलं आहेस’ हे ऐकून मुलं चकित होतात. लसीकरणाचं कार्ड काढून त्यावरच्या तारखा दाखवल्या तर त्यांना ते खरंही वाटतं.

बहुतेक लशींचा डोस अर्धा मिलिलिटर असतो, म्हणजे औषधाच्या पाच मिलिलिटरच्या चमच्याचा दहावा हिस्सा. सुई आत जाऊन बाहेर यायला काही सेकंद पुरतात. बाळांना बहुतेक लशी मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि मोठ्या मुलांना दंडावर देतात. कुल्ल्यावर लस देत नाहीत, त्यामुळे ‘चड्डी काढावी लागेल का?’ या शाळकरी मुलांच्या लाजेच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर निर्धास्तपणे देता येतं.

भीती येते कुठून

पहिलं कारण म्हणजे आधीचा वाईट अनुभव. चार जणांनी हातपाय दाबून धरले आणि कुणीतरी मागून टोचलं, हे मुलाच्या लक्षात राहतं. पुष्कळदा सुईपेक्षा ते दाबून धरणंच जास्त लक्षात राहतं.

दुसरं कारण आपला चेहरा. आईचा श्वास अडकलेला, बाबांनी मान फिरवलेली आणि आजी डोळ्याला पदर लावून बसलेली असेल, तर मूल त्यावरून अंदाज बांधतं की काहीतरी भयंकर होणार आहे. ज्या पालकाला स्वतःला सुई बघवत नाही, त्याने त्या दिवशी बाहेर बसावं आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला आत पाठवावं. त्यात कमीपणा नाही.

तिसरं कारण आपल्याकडे घरोघरी सापडतं. ‘जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील.’ ‘मस्ती थांबव, नाहीतर सिस्टरला बोलावते.’ वर्षभर ज्याचा बागुलबुवा केला, त्याच डॉक्टरकाकांसमोर एक दिवस मुलाला शहाण्यासारखं बसायला सांगायचं, हे जमणार कसं? धमकी म्हणून सुई वापरली की ती शिक्षा ठरते. मग टोचून घेताना मुलाला वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकलंय.

आणि भीती संसर्गासारखी पसरते. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांसाठीची ही मोहीम शाळाशाळांत पोचली होती. अशा ठिकाणी रांगेत पुढचं मूल रडलं की मागच्यांचा धीर सुटतो. म्हणून टोचण्याची जागा रांगेतल्या मुलांना दिसणार नाही अशी आडोशाला ठेवावी आणि फार घाबरलेल्या मुलाला ताटकळत न ठेवता लवकर आत घ्यावं. शिक्षकांना एवढं सहज करता येतं.

तान्ह्या बाळाला कळत नाही?

‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय’ हा समज एकेकाळी डॉक्टरांमध्येही होता. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रियासुद्धा अगदी कमी भूल देऊन होत असत. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डमध्ये संशोधन करत असताना त्यांनी हा समज तपासून पाहिला. शस्त्रक्रियेदरम्यान पुरेसं वेदनाशामक मिळालेल्या आणि न मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तातली ताण दाखवणारी संप्रेरकं त्यांनी मोजली. 1987 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि बाळांना वेदना होतात हे वैद्यकशास्त्राला मान्य करावं लागलं.

लशीच्या सुईकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लस टोचतानाची वेदना कमी करण्याबद्दल स्वतंत्र सूचना काढल्या. त्या साध्या आणि बहुतेक बिनखर्चाच्या आहेत.

बाळाला टोचण्याआधी अंगावर प्यायला घ्यावं आणि टोचताना व नंतरही पाजत राहावं. तीन वर्षांखालच्या मुलाला टेबलावर आडवं न पाडता आईबाबांच्या कुशीत धरावं. एकाच वेळी दोन-तीन लशी द्यायच्या असतील तर जास्त झोंबणारी शेवटी द्यावी. तोंडाने द्यायची रोटाव्हायरसची लस गोड असेल तर ती आधी द्यावी, कारण गोड चवीने तान्ह्या बाळांचं दुखणं थोडं कमी होतं. दुखू नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल पाजू नये.

घरची तयारी

मुलाला सांगायचं केव्हा? तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी, निघायच्या थोडं आधी. त्याला आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर रात्री झोप नाही. शाळकरी मुलाला एक-दोन दिवस आधी सांगावं, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला सवड मिळते. ‘बागेत जायचंय’ म्हणून दवाखान्यात नेणं मात्र कधीच करू नये. अशी फसवणूक एकदाच चालते आणि पुढच्या वेळी मूल खरोखरच्या बागेतही यायला कुरकुरतं.

सांगायचं काय? खरं, थोडक्यात आणि शांतपणे. ‘उद्या आपण दवाखान्यात जाणार आहोत. दंडावर लस देतील. टोचल्यासारखं होईल, थोडा वेळ दुखेल आणि संपेल. मी तुझ्याजवळच असेन.’ ‘अजिबात दुखत नाही’ हे खोटं आहे आणि सुई लागताच ते उघडं पडतं. ‘मुंगी चावल्यासारखं’ हेही जपून म्हणावं, कारण काही मुलं मुंगीलाच घाबरतात. ‘तुला कसं वाटलं ते मला नंतर सांग’ असं म्हटलं तर मूल स्वतःच्या अनुभवाकडे लक्ष देतं.

‘घाबरू नकोस, घाबरू नकोस’ चा जपही उपयोगाचा नाही. दर मिनिटाला कुणी घाबरू नकोस म्हणू लागलं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे याची खात्रीच पटते. ‘मुलगे रडतात का?’ तर पूर्ण वगळावं. रडत रडत टोचून घेतलं तरी ते टोचून घेणंच असतं. हात स्थिर ठेवला म्हणजे झालं.

खेळातून तयारी फार चांगली होते. खेळण्यातला डॉक्टरचा संच घ्यावा, नाहीतर रिकामा ड्रॉपर चालतो. मुलाने डॉक्टर व्हावं आणि बाहुलीला किंवा बाबांना टोचावं. बाबांनी ‘आई गं, जरा दुखलं’ म्हणावं आणि हात मात्र हलवू नये. पाच मिनिटांच्या या खेळात मुलाला सगळा क्रम समजतो: बाही वर करायची, कापसाने पुसायचं, टोचायचं, कापूस धरायचा, संपलं. पुढे काय होणार हे माहीत असलं की भीती निम्मी होते.

शेवटची गोष्ट म्हणजे निवड. टोचायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं नसतं. पण कोणत्या हातावर, बघायचं की मान फिरवायची, आईच्या मांडीवर की खुर्चीत, सोबत कोणतं खेळणं, हे त्याला ठरवू द्यावं. कुणाला बघितल्याने धीर येतो, कुणाला न बघितल्याने. आपण आपल्या मनाने डोळे झाकू नयेत.

दवाखान्यात धरायचं कसं

पाच वर्षांचं मूल आईच्या मांडीवर आडवं बसवावं. आईकडचा त्याचा हात तिच्या काखेखालून पाठीमागे जावा, जणू मूल तिला मिठी मारतंय. ज्या दंडावर टोचायचं तो बाहेरच्या बाजूला मोकळा राहील. आईने एका हाताने मुलाची पाठ आवळावी आणि दुसऱ्या हाताने त्या दंडाचं कोपर आपल्या अंगाशी हलकेच धरावं. त्याचे पाय तिच्या मांड्यांमध्ये अलगद अडकवावेत. मूल हलत नाही, आणि त्याला वाटतं की आईने जवळ घेतलंय. उताणं पाडून हातपाय दाबल्यासारखं वाटत नाही.

टोचायचा हात सैल हवा. घट्ट आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. म्हणून मुलाला ‘हात ओल्या कपड्यासारखा ढिला सोड’ असं सांगतात. स्पिरिटने पुसलं असेल तर ते वाळू द्यावं. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की झोंबतं.

नेमक्या टोचायच्या क्षणी लक्ष दुसरीकडे वळवायचं असतं. लहान मुलाला साबणाचे फुगे उडवायला द्यावेत. त्यात लक्षही गुंततं आणि लांब श्वासही सुटतो. मोठ्या मुलाला भिंतीवरच्या चित्रात लाल रंगाच्या किती गोष्टी आहेत ते मोजायला सांगावं, आवडत्या क्रिकेटपटूंची नावं घ्यायला सांगावं किंवा मोबाइलवर काही बघू द्यावं. पोटातून हळू श्वास घेऊन मेणबत्ती विझवल्यासारखा सोडणं हा शाळकरी मुलांना सहज जमणारा उपाय आहे.

‘पेनलेस’ लस, क्रीम आणि यंत्रं

खासगी दवाखान्यात हमखास विचारतात, ‘पेनलेस द्यायची की साधी?’ ही पेनलेस म्हणजे त्रिगुणीचाच वेगळा प्रकार, ज्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे मोजकेच घटक असतात. टोचल्यानंतरचा ताप आणि सूज तिने कमी होते. सुई मात्र सुईच असते आणि ती शिरताना दोन्हीत सारखीच टोचते. पेनलेस महाग असते आणि डांग्या खोकल्याविरुद्धचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. सरकारी केंद्रात फुकट मिळणारी साधी त्रिगुणी घेतली म्हणून आईबापांनी मनाला लावून घेऊ नये. कोणती घ्यायची ते बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावं.

कातडी बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम मिळतं. ते साधारण तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवावी लागते. फार घाबरणाऱ्या किंवा वारंवार रक्त तपासावं लागणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होतो. मात्र ते डॉक्टरांना विचारूनच, ते सांगतील त्या जागी आणि तेवढंच लावावं, तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर विशेषकरून. अमेरिकेतल्या डॉ. एमी बॅक्स्टर यांनी थंडावा आणि कंपन देणारं मधमाशीच्या आकाराचं यंत्र बनवलं आहे. टोचायच्या जागेच्या जरा वर ते ठेवतात.

सुईच नको, असाही प्रयत्न चालू आहे. ऑगस्ट 2021 मध्ये भारतात 12 वर्षांपुढच्यांसाठी मंजूर झालेली झायकोव्ह-डी ही कोविडची लस सुईशिवाय, दाबाच्या झोताने कातडीत सोडली जाते. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातल्या संशोधकांनी आघात-लहरींच्या दाबाने औषध आत सोडणारी सिरिंज तयार करून उंदरांवर तपासली आहे. बालकांच्या नेहमीच्या लशी मात्र आज तरी सुईनेच घ्यायच्या आहेत.

चक्कर येणारी मुलं

काही मुलं, विशेषतः वयात येणारी, सुई किंवा रक्त बघून पांढरी पडतात, घामाघूम होतात आणि कोसळतात. बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब चढतो. इथे तो आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडतं. हे नाटक नाही.

अशा मुलाला झोपवूनच टोचावं आणि नंतर पंधरा मिनिटं तरी उठू देऊ नये. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी अशांसाठी एक युक्ती रूढ केली. पाय, पोट आणि न टोचायचा हात घट्ट आवळायचा. 10 ते 15 सेकंदांत चेहऱ्यावर ऊब जाणवते. मग 20-30 सेकंद सैल सोडायचं, आणि असं पाचेक वेळा करायचं. याने रक्तदाब टिकून राहतो. घरी आठवडाभर सराव केला तर ऐन वेळी जमतं.

भीती फारच असेल तर

काही मुलांना दवाखान्याचं नाव काढताच उलटी होते, काही पळून जातात, काही दुखणी लपवतात. इथे समजावणं पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक अशा मुलांना पायरीपायरीने सुईजवळ नेतात. आधी सुईचं चित्र बघणं. मग दुसऱ्याला टोचतानाचा व्हिडिओ. मग सुई नसलेली सिरिंज हातात घेणं, ती दंडाला टेकवणं, दवाखान्यात नुसतं जाऊन सिस्टरशी बोलून परत येणं. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागली की पुढची. घाई केली तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

टाइप-1 मधुमेह असलेल्या मुलांना असं हळूहळू सुईजवळ जाण्याची मुभा नसते. त्यांना निदानाच्या दिवसापासून रोज तीन-चार वेळा इन्सुलिन टोचावं लागतं. त्यांच्या पेनची सुई जेमतेम 4 मिलिमीटरची मिळते. सुई दर वेळी नवी घेणं, फ्रिजमधल्या गार इन्सुलिनऐवजी वापरातलं, खोलीच्या तापमानाचं इन्सुलिन वापरणं आणि जागा बदलत राहणं याने त्रास पुष्कळ कमी होतो. आज पोट की मांडी, हे मुलाने ठरवावं. थोड्याच काळात ही मुलं मोठ्यांना शिकवण्याइतकी तरबेज होतात.

टोचून झाल्यावर

कापूस हलकेच धरावा, चोळू नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, त्यावर काही लावू नये. लसीकरण केंद्रात अर्धा तास थांबायला सांगतात, तेवढं थांबावं. ताप आला किंवा दंड दुखला तर काय द्यायचं, हे निघण्याआधीच विचारून घ्यावं.

त्यानंतर काय बोललं जातं, ते पुढच्या वेळेसाठी फार महत्त्वाचं. ‘केवढा गोंधळ घातलास, सगळे बघत होते’ हे मुलाच्या आठवणीत पक्कं बसतं आणि पुढच्या टोचणीपर्यंत फुगत जातं. ‘तू रडलास, पण हात अजिबात हलवला नाहीस’ हे खरंही आहे आणि उपयोगाचंही. रात्री बाबांना किंवा आजोबांना फोनवर हकीकत सांगायला मुलालाच सांगावं आणि जे जमलं त्यावर बोट ठेवावं.

ही भीती महागात कुठे पडते

कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही दहशत अजून गावोगावी आहे. डेव्हिड सेम्पल यांनी 1911 मध्ये कसौलीला तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस होती. भारतात ती 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आजची रेबीजची लस दंडावर देतात. ती कातडीत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, अशा चारच खेपा होतात. जखम खोल असेल तर जखमेभोवती वेगळं औषधही देतात. तरी चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने मुलं कुत्र्याचा ओरखडा घरी लपवतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून दोन गोष्टी घरात आजच ठरवाव्यात. सुईची धमकी कुणीही द्यायची नाही, आजी-आजोबांनीसुद्धा नाही. आणि मुलाला स्पष्ट सांगायचं: कुत्रं-मांजर चावलं, ओरबाडलं तर लगेच येऊन सांग, कुणी रागावणार नाही, साबणाच्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुऊ आणि दवाखान्यात आपण सोबत जाऊ.